द्राक्षबाग सुटते ऑगस्टमध्ये. तेव्हा हिमालयात कुठं जाता येईल?

बागवाला_मोहाडी

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात मोहाडीजवळ आमची द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडी सोनाका. बागवाल्याला सुट्टी कधी मिळते हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल काढायचा. लगेच खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून वेल खरडून छाटायची. मे-जून सबकेन (काडीवर पोटकाडी फोडणं), विरळणी, शेंडे मारणं. ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की मग घड काढेपर्यंत सख्ख्या भावाचं लग्न असलं तरी अक्षता टाकून संध्याकाळी परत. राहता राहिला जुलैचा शेवट आणि ऑगस्ट. काडी पिकत असते, बोर्डोची (बुरशीनाशकाची) फवारणी गडी करतो, बाग आपली आपण उभी असते. आणि नेमका तेव्हाच सगळीकडं पाऊस.

यंदा बेदाण्याचे पैसे बरे आले. बायकोनं स्पष्ट सांगितलंय, शिर्डी-शिंगणापूर-कोल्हापूर या वेळी चालणार नाही, हिमालय बघायचा. बर्फात लोळायचं नाही, फोटोसाठी भाड्याचे कोट घालायचे नाहीत. एखाद्या डोंगरातल्या गावात चार दिवस निवांत राहायचं, एवढंच म्हणणं.

आम्ही चौघं. आई ६८ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे, पण पाय दणकट. चैत्रात वणीच्या गडावर ट्रॉली असताना बाई पायऱ्यांनी गेली. मुलगी पाचवीत, तिला घाटात गाडी लागते. आईची आणखी एक मागणी: "एवढं लांब चाललोच आहोत तर बद्रीनाथ करून घेऊ." नकाशा उघडून दाखवला तरी म्हणते, डोंगर तोच ना?

शहरात दोन टूरवाल्यांकडं जाऊन आलो. दोघांच्याही पत्रकात एप्रिल-मे आणि दिवाळी. ऑगस्ट म्हटल्यावर एकानं केरळ सुचवलं, म्हणजे पावसातून पावसातच. मेहुणा सांगतो, हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात पाऊस पडतच नाही, मनालीपर्यंत जा, तिथून गाडी कर, एका दिवसात काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव. हे कितपत खरं? बारा-तेरा दिवस काढता येतील. आई सोबत आहे हे धरून सांगा, बुलेटवाल्यांचे सल्ले नकोत (राग मानू नका).

---

सातपूर_बुलेट

राग मानला नाही दादा, पण सल्ला देणारच. लडाख! आम्ही कंपनीतली पोरं ऑगस्टमध्येच गेलो होतो, मनालीवरून लेह. आख्खं लडाख कोरडं ठणठणीत, आभाळ असं निळं की फोटोला फिल्टर लावायची गरज नाही. आता अटल बोगदा झालाय, नऊ किलोमीटरचा, २०२० पासून चालू. रोहतांग चढायची कटकटच संपली. पॅंगाँग बघून आई खूश होईल. मेहुणा बरोबर बोलतोय, पलीकडं गेलं की पाऊस नाही.

हां, बोगद्याआधी मंडी-कुलूला आम्ही दीड दिवस अडकलो होतो, पण तेवढं चालतं.

---

आचारी_पंचवटी

भाऊ, मी आचारी. घर पंचवटीत, आता गंगापूर रोडला पोरांची मेस चालवतो. त्याआधी बरीच वर्षं यात्रा कंपन्यांबरोबर स्वयंपाकाला जायचो: चारधाम, कुलू-मनाली, नंतर नंतर किन्नौर-स्पिती. आचाऱ्याची जागा शेवटच्या सीटवर, मागं पातेली आणि शेगडी. लोक डोंगर बघायचे, मी रस्ता बघायचो. कारण गाडी चार तास उशिरा पोचली तर "जेवण कुठंय" म्हणून शिव्या मला. त्यामुळं माझं बोलणं देखाव्याचं कमी आणि रस्त्याचं जास्त असेल.

तुमच्या मेहुण्याचं अर्धं खरं आहे. आपल्या जिल्ह्यातच बघा ना. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सिन्नरला पाचशेच्या आसपास. अंतर किती, तर ढग मोकळे व्हायला पुरेल एवढं. तिथं सह्याद्रीच्या जागी पीर पंजाल आणि मोठा हिमालय उभा आहे. धर्मशाला, कुलू-मनाली, शिमला हे सगळं इगतपुरीच्या बाजूला. लाहौल, स्पिती, किन्नौरचा वरचा भाग, लडाख हे सिन्नरच्या बाजूला. इथवर मेहुणा बरोबर.

पण मला सांगा, समृद्धी महामार्ग व्हायच्या आधी मुंबईहून सिन्नरला यायचं तर कसारा घाट चुकायचा का?

स्पितीला गाडीनं जायला दोन वाटा. एक मनालीवरून, बोगदा ओलांडून, ग्राम्फूला वळून कुंझुम खिंडीतून. दुसरी शिमल्यावरून सतलजच्या काठानं, रामपूर, टापरी, रिकाँग पिओ करत. दोन्हींचा पहिला अर्धा भाग ऐन पावसात. बुलेटवाले भाऊ दीड दिवस अडकले ते याच अर्ध्यात. २०२३ च्या जुलैत ब्यासला पूर आला तेव्हा मनालीचा रस्ता ठिकठिकाणी नदीनंच नेला. त्याच दिवसांत वर स्पितीतल्या चंद्रताल तळ्यापाशी अवेळी बर्फ पडून शेकडो पर्यटक अडकले, बर्फ कापत जाऊन त्यांना काढावं लागलं. सतलजकडची गोष्ट याहून वाईट. २५ जुलै २०२१ ला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून दगड आले, पर्यटकांची गाडी सापडली, नऊ जण गेले. सतरा दिवसांनी, ११ ऑगस्टला, निगुलसरीला अख्खी दरड एसटीसारख्या सरकारी बसवर आणि इतर गाड्यांवर आली, पंचवीसहून जास्त माणसं गेली. दोन्ही महिने तुम्ही म्हणताय तेच. भीती घालायची म्हणून सांगत नाही. टूरवाल्यांच्या पत्रकात ऑगस्ट का नाही ते कळावं म्हणून सांगतो.

आणि कोरड्या भागातही रस्ता धड असतो असं नाही. तिथं झाड नाही, गवत नाही, डोंगर म्हणजे माती-दगडाचा ढीग. आपल्याकडं ज्या सरीला कुणी छत्री उघडणार नाही, तेवढ्यावर तिथं डोंगर खाली येतो. शिवाय वरचं बर्फ दुपारी वितळतं, मग सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता गाडीच्या दाराला लागतो. तिकडचे ड्रायव्हर पहाटे का निघतात ते मला पहिल्या फेरीत समजलं नव्हतं, नंतर मीच सगळ्यांना तीनला उठवून चहा द्यायचो.

आता मनाली ते काझा एका दिवसात. हे आईला घेऊन करू नका, ऑगस्ट असो नाहीतर कुठलाही महिना. मनाली दोन हजार मीटरच्या थोडं वर. काझा ३,६५० च्या आसपास, आणि मध्ये कुंझुम साडेचार हजारांच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे सकाळी कळसूबाईच्या थोडं वर उठायचं आणि रात्री त्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर झोपायचं.

एका यात्रेला हेच झालं. कंपनीनं एक मुक्काम वाचवला. चाळीसएक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, रात्री नऊला काझ्यात उतरली. थंडी बघून मी गरम पिठलं, भात, तूप, लसणाची चटणी असा बेत ठेवला होता. पिठल्याला कुणी हात लावला नाही. कुणी डोकं धरून बसलेलं, कुणी उलट्या करतंय, एक काका भिंतीला टेकून नुसते श्वास मोजत होते. मला वाटलं माझ्या हाताला काही झालं. स्थानिक ड्रायव्हरनं भांड्यात डोकावून सांगितलं, महाराज, खाना ठीक है, हवा कम है. काकांना दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सकाळी खाली ताबोला नेलं तेव्हा माणसात आले. डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते मी पाठ केलंय: ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. दिवसा वर जाऊन आलं तर चालतं. मोजायची ती रात्र.

लडाखचं म्हणाल तर बुलेटवाल्यांचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, फक्त रस्ता बदलायचा. ओझरवरून दिल्ली, दिल्लीवरून लेह, दोन्ही विमानं. ऑगस्टमध्ये दरड न लागणारी हीच एक वाट मला माहीत आहे. पण नाशिक सहाशे मीटरवर, लेह साडेतीन हजारावर, मधली सगळी पायरी गायब. पहिले दोन दिवस खोलीतून हलायचं नाही, आंघोळसुद्धा बेतानं. आईच्या बीपीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. मला विचाराल तर ६८ व्या वर्षी पहिल्यांदा डोंगरात जाणाऱ्या माणसाला मी विमानानं थेट लेहला टाकणार नाही.

म्हणून मीच एक विचारतो. ऑगस्ट सोडून सप्टेंबरचा शेवट नाही का जमणार? हिमाचलातून पाऊस साधारण २५ सप्टेंबरच्या सुमारास निघतो, चार दिवस मागं-पुढं. तुमची छाटणी ऑक्टोबरच्या कुठल्या आठवड्यात? दसऱ्यानंतर असेल तर मध्ये एक फट आहे, आणि त्या फटीतलं किन्नौर मी बघितलंय.

---

सातपूर_बुलेट

नाना, कुंझुम एवढाही वाईट नाही हो. नाले ओलांडायची मजाच वेगळी.

---

आचारी_पंचवटी

असेल. तुमच्या मागच्या सीटवर तीस किलोचा डाळीचा डबा नव्हता.

---

माधवी_सिन्नर

सिन्नरचं उदाहरण आलं म्हणून लिहिते. आमच्याकडे पाऊस नाही हे खरंच, पण हिमालयात पावसात जायचा प्रयोग मी केला आहे. सासू-सासऱ्यांना घेऊन कुमाऊंला, काठगोदामपर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी, कौसानी आणि मुन्स्यारी. शाळा सुटीच्या हिशेबात ऑगस्टच जमत होता. उंचीचा त्रास कुणालाच झाला नाही, कारण कौसानी १,८९० मीटर आणि मुन्स्यारी २,२०० च्या आसपास. हिरवळ, धबधबे, देवदार सगळं होतं. शिखरं मात्र नव्हती. मुन्स्यारीला खोलीच्या समोर पंचचूली आहे असं मालक रोज सकाळी बोट दाखवून सांगायचे आणि आम्ही रोज त्या बोटाच्या दिशेने पांढरा ढग बघायचो. सासरे शेवटी म्हणाले, एवढा ढग तर भंडारदऱ्यालाही होता. पुढे नोव्हेंबरात आम्ही दोघंच परत गेलो, तेव्हा पाचही शिखरं अशी समोर आली की चहा गार झाला तरी लक्ष नाही. कौसानीला गांधीजी १९२९ मध्ये राहिले होते, तो आश्रम आजही आहे, तिथल्या ओट्यावरून त्रिशूळ आणि नंदादेवी दिसतात. पण तेही ढग नसताना.

पावसातच जावं अशी एक जागा आहे, फुलांची दरी. जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडी असते आणि खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पण पुलनापासून घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर चढ, दरीत राहायला परवानगी नाही, खेचरं आत नेत नाहीत, आणि ऋषिकेशपासूनचा रस्ता पावसात सिरोबगडसारख्या ठिकाणी कधी बंद होईल सांगता येत नाही. दादा, मुलगी मोठी झाली की दोघं बाप-लेक जा. या वेळी नको.

आणि आईंना समजवा: बद्रीनाथ उत्तराखंडात, नाना सांगताहेत ते हिमाचलात. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला आधी पार खाली मैदानात उतरावं लागतं, मग हरिद्वारवरून पुन्हा चढायचं. दोन्ही एकत्र केलं तर गाडीतून उतरायला वेळ मिळणार नाही. बद्रीनाथला मंदिरापर्यंत गाडी जाते, ती यात्रा वेगळी काढा.

---

बागवाला_मोहाडी

नाना, तुमचं काझ्याचं वाचून मेहुण्याला फोन केला. तो स्वतः काझ्याला गेलेलाच नाही, मनालीपर्यंत गेला होता. आता काय बोलायचं.

सप्टेंबरचं घरात बोललो. छाटणीचे मजूर पेठ-सुरगाण्याकडचे, ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतात. त्यांची तारीख हलवली तर ते दुसऱ्याच्या बागेत जातात, मग आपण महिनाभर फोन करत बसायचं. त्यामुळं पाच-सहा तारखेला मी घरी पाहिजे: छाटणीनंतर डोळ्यांना लावायच्या पेस्टचा माल आणायचा, ठिबक तपासायचं. त्याआधीचे बारा दिवस निघतील. आईचं एकच, घट बसायच्या आधी घरी किंवा घट उठल्यावर निघायचं, मध्ये नाही. ते पंचांग बघून बसवतो. मुलीच्या सहामाहीचं बायको बघून घेते म्हणाली, म्हणजे शाळेत काहीतरी कारण सांगणार.

तर आता किन्नौरचं नीट सांगा. आईला काझा झेपेल का? की त्याआधीच थांबायचं? आणि खाण्याचं काय? आई बाहेरचं खात नाही, निदान खात नाही असं म्हणते. बायकोचा प्रश्न: तिकडंही सगळ्या बागाच आहेत म्हणे, मग मी तिथं जाऊन पुन्हा बागवाल्यांशी औषधांच्या गप्पा मारणार का?

---

आचारी_पंचवटी

वहिनींना सांगा, मारणारच. तो माल तसाच आहे. सप्टेंबरअखेर किन्नौरला सफरचंदाचा ऐन तोडा असतो. रस्त्यानं जाताना गाडीच्या दोन्ही बाजूंना लालभडक झाडं, खाली गवतावर पेट्या आणि पेट्या भरणारी घरची सगळी माणसं. तुमच्याकडं फेब्रुवारीत असते तीच धांदल. २०२४ पासून हिमाचलात वीस किलोची एकसारखी पेटी सक्तीची झाली, त्याआधी व्यापारी एका पेटीत किती ठासून भरायचे याची भांडणं मी रामपूरच्या ढाब्यावर बसून ऐकली आहेत. तुम्हाला ती भाषा न शिकता कळेल. आणखी एक. आपल्याकडं डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर पेस्ट लावावी लागते, कारण थंडी पुरत नाही. सफरचंदाला तिथली थंडी फुकट मिळते. आणि पिओच्या पुढं रिब्बा नावाचं गाव आहे, तिथं चक्क द्राक्षं होतात. आपल्यासारखे मांडव, निर्यात वगैरे काही नाही, घरची अंगुरी, म्हणजे द्राक्षाची दारू, गाळतात. एवढं एक गाव वहिनींकडून मागून घ्या, बाकी सगळा वेळ त्यांचा.

आता मुक्काम. तारखा तुम्ही टाका, मी क्रम सांगतो. नाशिकरोडवरून दिल्ली, दिल्लीवरून दुसऱ्या गाडीनं चंदीगड, तिथून स्थानिक टॅक्सी परतीपर्यंतची एकच. मैदानी गाडी घेऊ नका, हिमाचलचा नंबर आणि तिकडचाच ड्रायव्हर. पहिला मुक्काम शिमल्यात नको. गर्दी, पार्किंग, आणि मुलीला गाडी लागते म्हणता तर संध्याकाळी त्या वळणांत अडकायला नको. साठेक किलोमीटर पुढं नारकंडा आहे, २,७०० मीटर, शांत. तिथून थोडं बाजूला ठाणेदार-कोटगढ, हिमाचलातल्या सफरचंदाच्या धंद्याचं मूळ. सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९१६ च्या सुमारास तिथं चांगल्या जातीची कलमं लावली, पुढं तो इथलाच झाला, सत्यानंद नाव घेतलं. शेतकरी माणसानं बघून पुढं जावं.

मग सांगला, दोन रात्री. उंची नारकंड्याएवढीच. दिवसा छितकुलला जाऊन या, ३,४५० मीटर. त्या बाजूचं शेवटचं गाव, लाकडी घरं, बास्पा नदी, ओगल्याची (कुट्टूची) शेतं कापून झालेली. आईला नदीकाठी बसवा, मुलीला पाण्यात पाय घालू द्या, दोन मिनिटांत बाहेर काढेल. रात्री खाली सांगल्यालाच झोपा.

मग कल्पा, तिथंही दोन रात्री. २,९६० मीटर. चार दिवस निवांत राहायचं म्हणताय ना, तर ती जागा ही. एखादा दिवस वाढला तरी इथंच वाढवा. समोर किन्नर कैलास, मध्ये फक्त सतलजची दरी. पहाटे उन्हाची पहिली तिरीप शिखराला लागते तेव्हा मी चुलीपाशी असायचो, पण तेवढ्यापुरता झारा खाली ठेवायचो. आईला सांगा, समोरच्या कड्यावर उभा आहे तो महादेवाचा खडक, त्याला तिकडं शिवलिंग म्हणून पुजतात. बद्रीनाथचा विषय तिथंच निम्मा मिटेल. चिलगोजा याच भागात होतो, पाइनच्या झाडाचा मेवा, बाजारात महाग वाटला तरी नाशिकच्या भावापेक्षा बरा. पिओ खाली दहा-बारा किलोमीटरवर, एटीएम तिथंच वापरा आणि पुढचे पैसे रोख ठेवा. काझ्याच्या मशीनमध्ये पैसे असतीलच असं नाही. टाकीही खाली पोवारीला फुल करून घ्या.

कल्प्यात दुसऱ्या रात्री आईला शांत झोप लागली, डोकं दुखत नाही, जेवण जातंय, असं असेल तरच पुढं. नसेल तर कल्प्यातच राहा, काही बिघडत नाही. बरी असेल तर ताबो, ३,२८० मीटर. वाटेत नाको लागतं, ते त्याहून उंच आहे, म्हणून तिथं तळं बघा, जेवा आणि चालू लागा, मुक्काम नको. टूरवाले नेमका नाकोला मुक्काम देतात, का ते मला कधी उमगलं नाही. त्याआधी खाबला सतलज आणि स्पिती एकमेकींना मिळतात, एकीचं पाणी गढूळ, दुसरीचं वेगळ्या रंगाचं, ड्रायव्हरला थांबवायला सांगा. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. बाहेरून मातीचं गोदाम वाटेल, आत शिरलं की अंधारात भिंतभर रंगवलेलं. फोटो काढू देत नाहीत, बॅटरी मात्र न्या. ताबोला दोन रात्री करा. मधल्या दिवशी काझा आणि ‘की’ नावाचा मठ बघून संध्याकाळी परत ताबोला, अंतर ४७ किलोमीटर. म्हणजे काझा बघितलं, ‘की’ मठ बघितला, आणि झोपलात खाली. हिशेब लावा: २,७००, २,७००, २,९६०, ३,२८०. एकही उडी मोठी नाही. काझ्याच्या वर हिक्कीमला उंचावरचं टपाल कार्यालय आहे, मुलीला मैत्रिणीला पत्र टाकायचं असेल तर आईला काझ्यात चहाला बसवून तुम्ही दोघं जाऊन या, साडेचार हजाराच्या जवळपास आहे.

परत आल्या वाटेनंच. कुंझुमवरून गोल फेरी मारायचा मोह ड्रायव्हरही घालेल, कारण त्याचा दिवस वाचतो. नाही म्हणायचं.

गोळी. उंचीसाठी डायमॉक्स नावाची गोळी लोक आपल्या मनानं घेतात. आईची बीपीची गोळी आहे, सल्फाची ॲलर्जी असेल तर आणखी वेगळं. घरच्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून ठरवा, मी आचारी आहे.

जेवणावर मात्र माझं ऐका. कल्प्यापर्यंत काही अडचण नाही, राजमा-चावल, पोळी, भाजी सगळं मिळतं. वर वर पाणी कमी तापावर उकळतं. काझ्यात ८८ अंशांच्या आसपासच, म्हणून डाळ आणि भात उघड्या भांड्यात शिजतच नाहीत, दाणा मध्ये कच्चा राहतो आणि पोटात गेल्यावर बोलतो. ढाब्यावर कुकरची शिट्टी ऐकू आली तरच डाळ मागवा, नाहीतर थुक्पा (तिकडचं शेवयांचं सूप) किंवा पराठा. आईसाठी इथून मेतकूट, भाजलेला रवा, गूळ-शेंगदाण्याची चटणी, आणि दशम्या पहिल्या दोन दिवसांच्या. उतरण्याच्या जागी गरम पाणी मागितलं की कुणी नाही म्हणत नाही. काळा मसाला नेऊ नका, डबा उघडला की आख्ख्या गाडीला मिसळ आठवते आणि मग पुढचं काही गोड लागत नाही. मुलीला घाटाच्या आधी पोटभर खाऊ घालू नका, रिकामंही ठेवू नका. कोरडा चिवडा, आवळा सुपारी, पुढची सीट.

कपडे: सप्टेंबरअखेर ताबोला रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो. आईला नऊवारीवर स्वेटर घालून भागणार नाही. आतून गरम कपडे लागतील. ती नाही म्हणेल, बॅगेत टाकून ठेवा, नाकोला स्वतः मागेल.

---

माधवी_सिन्नर

नाना, ताबोच्या बेताला माझं पूर्ण अनुमोदन. एकच विचारते: पाऊस लांबला तर? गेल्या काही वर्षांत सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पडत राहिलेला आहे.

---

आचारी_पंचवटी

बरोबर विचारलंत ताई. म्हणून क्रम असा लावलाय की धोक्याचा पट्टा, रामपूर ते पिओ, जाताना एकदा आणि येताना एकदाच लागतो, आणि तो सकाळच्या उजेडातच पार करायचा. नारकंड्याला पोचल्यावर ड्रायव्हरकरवी पुढची चौकशी करायची. रस्ता बंद असेल तर नारकंडा-सराहनला दोन दिवस जास्त राहा, सराहनचं भीमाकालीचं लाकडी-दगडी मंदिर आईला आवडेल. आणि ताबो सोडून द्या. त्यासाठीच परतीच्या तिकिटाआधी एक पूर्ण दिवस चंदीगडला रिकामा ठेवा. उपयोगात आला नाही तर वहिनींना बाजार करू द्या.

भाऊ, रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जुलैच्या शेवटी तुम्ही बागेत बोर्डो मारत असाल तेव्हाच. सकाळी आठला मोबाईल घेऊन बांधावर उभे राहा, नेट येत नसेल तर मुलीला मोहाडी फाट्यावर पाठवा. राजधानी नाशिकरोडला थांबते, ती मिळाली तर उत्तम. नाहीतर मंगला. आईला खालचा बर्थ मागा, पण बाजूचा नको, रात्रभर येणारे-जाणारे पायाला लागतात.